चाल संपेपर्यंत

ऑफिसात तिला सगळे पंचबाई म्हणत. ते नाव आपल्याला मुळीच आवडत नाही असं ती सांगायची, पण कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर ती दोनदा मारावी लागायची. काम तसंच होतं. पटावरचे खेळ इंटरनेटवर खेळायला देणारी ती कंपनी. कुठली कुठली माणसं घरबसल्या एकमेकांच्या सोंगट्या मारायची आणि मग त्या मारण्यावरून भांडायची. ती भांडणं हिच्या टेबलावर यायची. सकाळी साडेनऊला संगणक सुरू केला की तक्रारी ओळीने उभ्या असायच्या, आणि चहा गार व्हायच्या आत त्यातल्या निम्म्या ती निकालात काढायची.

बुद्धिबळवाले गुणी. त्यांचे नियम सगळीकडे एक, त्यामुळे ते फक्त हरल्यावर रडत. डोकं खायचे ते चेकर्सवाले. दिसायला किती साधा खेळ! काळ्या घरांवरून सोंगटी तिरकी पुढे सरकवायची; समोर शत्रूची सोंगटी आली आणि तिच्या मागचं घर रिकामं असलं की तिच्यावरून उडी मारायची, की ती मेली. एवढंच. पण मार मिळत असताना घेतलाच पाहिजे का? दोन मार मिळत असतील तर मोठा घ्यायचा की आवडेल तो? मागे वळून मारता येतं का? डोंगराच्या अलीकडे एक उत्तर, पलीकडे दुसरं, आणि ज्याला त्याला वाटायचं की आपला आजोबा खेळायचा तोच खरा खेळ, बाकीच्यांनी नुसता धुडगूस घातलाय. कंपनीने असे चौदा प्रकार साइटवर ठेवले होते. चौदाही प्रकारांचे नियम हिनेच लिहून काढले होते.

चौदावा प्रकार सगळ्यात लहान. कुठल्याशा खोऱ्यातल्या दहा-बारा गावांत तो खेळत. तिथल्या एका निवृत्त चित्रकलेच्या मास्तरांनी आपणहून एक पान पाठवलं होतं, सुंदर वळणदार अक्षरात, खाली पेन्सिलीने काढलेल्या पटासकट. सगळं होतं त्यात, मार कसा घ्यायचा ते सोडून. प्रोग्रामर तिच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. काटकुळा पोरगा, कानात कायम इयरफोन, हातात कायम कॉफीचा मग.

"पंचबाई, एकाच चालीत चार-पाच उड्या मारल्या तर मेलेल्या सोंगट्या उचलायच्या कधी? उडी मारली की लगेच, का चाल संपल्यावर सगळ्या एकदम?"

"मास्तरांनी लिहिलं नाहीये."

"मग विचारा ना. मला लिहायचाय प्रोग्राम."

तिने विचारलं. आठ दिवस उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, तिने मनानेच तीन वाक्यं ठोकून दिली. 'मारलेली सोंगटी चाल संपेपर्यंत पटावर उभी राहील. तिच्यावरून पुन्हा जाता येणार नाही. मार मिळत असेल तर घ्यावाच लागेल, आणि मिळत राहील तोवर घेत राहावं लागेल.' दुसऱ्या दोन मुलखांत असंच काहीसं होतं, म्हणजे इथेही चालून जाईल, असा हिशेब. प्रोग्रामरने वाचलं आणि मान डोलावली.

"एकदम कडक."

तिने डबा उघडला. ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची.

या सोमवारी चौदाव्या प्रकारावरची पहिली तक्रार आली. खेळाडूने नावाच्या जागी नुसतं 'धाकटी' लिहिलं होतं. समोरच्याच्या नावाची जागा रिकामी होती. 'माझी चाल संपत नाहीये. काय करू?'

पंचबाईने डाव उघडून पाहिला. एक पांढरी सोंगटी पटाच्या मध्यात होती. तिने ओलांडलेल्या सात काळ्या सोंगट्या फिकट करड्या होऊन जागच्या जागी उभ्या होत्या, नियमाप्रमाणे. वेळ मोजणारं घड्याळ बंद होतं. तिने तयार उत्तरांतलं एक चिकटवलं, की पुढचा मार उपलब्ध असल्यास घ्यावा.

'घेतेय,' उत्तर आलं. 'घ्यावाच लागतो ना.'

मंगळवारी करड्या सोंगट्या अकरा झाल्या. बुधवारी तिने मोजल्या आणि पुन्हा पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवत मोजल्या. पंधरा. डाव सुरू होताना प्रत्येकाकडे बाराच सोंगट्या असतात.

प्रोग्रामरने एका कानातला इयरफोन काढला. "बारापेक्षा जास्त असूच शकत नाहीत."

"मग हे काय आहे?"

"चित्र दाखवण्यात गडबड असेल. बघतो." तो बघतो म्हणाला की आठवड्याची निश्चिंती.

तिने धाकटीला विचारलं, तुमची सोंगटी नेमकी कुठल्या घरात दिसतेय? उत्तर यायला वेळ लागला. 'शाळेच्या मागे आलेय. आत्ताच मावशीला ओलांडलं. ती उभीच आहे अजून. मी थांबले तर उचलतील म्हणून थांबत नाही.'

खेळाडू चक्रम असतात, हे तिला नवीन नव्हतं. एक जण प्रत्येक सोंगटीला नाव ठेवायचा आणि मेली की शोकसंदेश पाठवायचा. तरी हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने बाबांना सांगितलं.

बाबा ऐंशीचे. सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेलेली. इंचभर हद्दीसाठी भावाभावांची डोकी फुटताना पाहिलेला माणूस, त्यामुळे नियम म्हणजे नियम. आई गेल्यापासून घरात ती दोघंच. ती ऑफिसात आणि बाबा दिवसभर टॅबलेटवर, तिच्याच साइटवर, तिलाच तक्रारी पाठवत. बाबा होते म्हणून ते घर होतं. मागच्या वर्षी ते दवाखान्यात असताना ती रोज संध्याकाळी कुलूप काढायची आणि चपला न काढता तशीच दाराशी उभी राहायची. पुन्हा तसं उभं राहायची वेळ येऊ नये, एवढीच तिची देवाकडे मागणी असायची.

"मेलेल्याला उभं कशाला ठेवायचं?" बाबा म्हणाले. "आमच्यात मेला की उचलला. जागा मोकळी."

"त्यांच्यात शेवटी उचलतात."

"त्यांच्यात, की तुझ्यात?"

तिने भाजी ढवळली. बाबांना खोटं सांगून उपयोग नसायचा.

"अंदाजाने लिहिलंत मॅडम," ते हसले. "अंदाजाने हद्दीचा दगड रोवला की पुढच्या पिढ्या त्यालाच खरा मानतात, माहीत आहे ना? दगड काढायला गेलं की भांडायला येतात."

गुरुवारी सकाळी धाकटीचा निरोप सगळ्यांत वर होता. 'पंच, मी फार थकले. नियमात थांबायची सोय कुठेच नाही का?'

त्या ओळीत काय होतं कोण जाणे, तिला दया आली. दिवसाला दोनशे तक्रारी वाचणाऱ्या बाईला सहसा येत नाही. पंचाला एक अधिकार असतो; अडकलेली चाल तो आपल्याकडून बंद करू शकतो. तसं बटण असतं. तिने ते दाबलं. पटावरच्या सगळ्या करड्या सोंगट्या एका क्षणात गेल्या आणि पांढरी एकटी राहिली. चला, सुटली बिचारी, असं म्हणून तिने चहाचा कप तोंडाला लावला.

'उचललं,' धाकटीने लिहिलं. 'सगळ्यांना.'

थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. 'पंधरा ताटं मांडली होती मी.'

त्यानंतर काही आलं नाही. पंचबाईने तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही. बारा वाजता तिला तो डाव सापडेना. साडेबारा वाजता धाकटी नावाचा खेळाडूच सापडेना. एक वाजता तिने डोकं दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तेही खरंच होतं.

प्रोग्रामर खोलीच्या दारात कॉफीचा मग घेऊन उभा होता. त्याच्या मागचा बोळ रिकामा होता.

"जरा सरक रे."

तो सरकला नाही. ती अंग चोरून त्याच्या बाजूने तिरकी निघाली. त्याच्या इयरफोनमधून बारीक ठेका ऐकू येत होता. ती पलीकडे गेली आणि ठेका थांबला. गाणं संपलं असेल, तिने मनात म्हटलं.

बाहेरच्या खोलीत स्वागतिका फाइल कपाटात ठेवायला उठली होती. खोलीच्या मधोमध एकटीच. पंचबाई भिंतीकडून जायला निघाली होती, निदान तिला तसं वाटत होतं, पण पावलं स्वागतिकेच्या अगदी जवळून गेली. जिन्यापाशी पोचल्यावर तिला आठवलं की वाचायचा चष्मा टेबलावरच राहिला.

ती मागे वळली. स्वागतिका तशीच उभी होती, फाइल पुढे धरून, एक टाच उचललेली.

"अगं, माझा चष्मा तेवढा..."

स्वागतिकेने पापणीही हलवली नाही. पंचबाईने तिच्या दिशेने पाय टाकला. पाय पडला तो होता तिथेच. तिने पुन्हा टाकला. पुन्हा तिथेच. समोर काही नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं, पण स्वागतिकेच्या बाजूची ती फूटभर जागा तिच्या पायांना मिळेना. बोळाच्या टोकाला प्रोग्रामरची पाठ दिसत होती. त्याच्या मगमधली वाफ हातभर वर आलेली होती आणि हलत नव्हती.

मी आजारी आहे, ती स्वतःला म्हणाली. मला ताप आहे. घरी जाऊन झोपते.

फाटकापाशी पहारेकरी रोजच्या जागी, स्टुलाशी उभा होता. ती त्याला टाळून गाड्या लावायच्या बाजूने जाणार होती. जाऊ शकली नाही. त्याच्याजवळून गेल्यावर मागे बघायचं नाही असं तिने ठरवलं, आणि तरी बघितलं. त्याचा हात सलाम करायला निघालेला होता आणि छातीपाशी थांबला होता.

तेव्हा तिला कळलं. कळलं म्हणजे काय, तिने स्वतः लिहिलेली ती वाक्यं तिला आठवली. 'मिळत राहील तोवर घेत राहावं लागेल.' भर दुपारी, रोजच्या फाटकाबाहेर, हातात डब्याची पिशवी घेऊन ती उभी होती. मागे जाता येत नव्हतं. आणि थांबता येत नव्हतं, कारण थांबल्यावर काय होतं ते तिने आजच सकाळी स्वतःच्या हाताने करून पाहिलं होतं. मागे तिघं उभे होते. त्या प्रोग्रामर पोराचं पुढच्या महिन्यात लग्न होतं.

बसच्या थांब्यावर रांग होती. माणसामागे माणूस चिकटून उभा. मधे रिकामं घरच नाही, म्हणजे मार नाही. ती त्या रांगेत घुसली. बसमध्येही गर्दी होती. एरवी कुणाचा कोपर लागला की ती करवादायची, आज तिने मुद्दाम स्वतःला दोन धिप्पाड बायकांच्या मधे कोंबून घेतलं आणि डोळे मिटले. इथेच राहू या, तिला वाटत होतं. ही बस फिरत राहू दे. पण पुढे पुढे बस रिकामी होत गेली, त्या दोघी उतरायला निघाल्या, आणि आता मागच्या सीटवर एकटा एक म्हातारा उरणार हे दिसताच ती त्यांच्या पाठोपाठ उतरली. तो तिचाच थांबा होता.

गल्लीच्या तोंडाशी चाव्या करणारा बसतो. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तो कानसीने चावी घासत होता. पंचबाईने पलीकडच्या बाजूला जायला रस्ता ओलांडला आणि ओलांडता ओलांडता त्याच्या पेटीपाशीच आली.

"कुलूप बिघडलं का ताई?" त्याने मान वर करून विचारलं.

"माफ करा हो," ती म्हणाली.

कानसीचा आवाज तिच्या मागे मधेच तुटला.

आता समोर फक्त तिची इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर घर. घरात बाबा. रोज तिची पावलं जिन्यात वाजली की ते दार उघडून उंबऱ्यावर येत. एकटे. मागे रिकामी जागा.

तिने फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"बाबा, दाराशी येऊ नका."

"का गं? आज लवकर? आवाज असा का येतोय?"

"बाबा, पटावर कुठल्या सोंगटीला मारता येत नाही?"

"हे काय विचारणं झालं? कडेच्या. तिच्या मागे घर कुठे असतं?"

"मग तुम्ही दारासमोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा. अगदी टेकून. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

पलीकडून काठीचा आवाज, सरपटत्या सपातांचा आवाज.

"उभा राहिलो," बाबा म्हणाले. का, कशाला, काही विचारलं नाही. त्यांचा तिच्यावर असा विश्वास होता, आणि त्या विश्वासाने तिला रडू फुटलं.

फोन तसाच चालू ठेवून ती जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वर शेजारच्या काकू पिशवी घेऊन खाली येत होत्या. ताप आला की पेज आणून देणाऱ्या काकू.

"अगोबाई, आज अर्ध्या दिवसातच? बरं नाही का वाटत?"

"काकू, मागे जा. काकू, वर जा, घरात जा."

"काय झालं गं?" म्हणत काकू उलट एक पायरी पुढेच आल्या. जिना अरुंद होता. पंचबाई भिंतीला खांदा घासत वर गेली. मागे काकूंचं बोलणं 'गं'वर थांबलं.

चार पायऱ्या चढून ती तिसऱ्या मजल्याच्या चौकात आली. काकूंची पाठ तिच्या अगदी खाली होती. घराचं दार बाबांनी आधीच उघडून ठेवलं होतं. दाराच्या आत लगेच भिंत, खोलीकडे डावीकडे वळावं लागतं. त्या भिंतीला पाठ लावून, चालू फोन सदऱ्याच्या खिशात ठेवून, काठी दोन्ही हातांनी पुढे धरून, बाबा ताठ उभे होते. शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

पुढे आता दुसरं कुणी नव्हतं.

तिच्या लक्षात आलं की हिशेब अगदी सोपा आहे. बाबा भिंतीपासून दोन पावलं पुढे आले तर मार मिळेल, चाल चालू राहील, आणि कुणीही उचललं जाणार नाही, इतक्यात तरी. बाबा हलले नाहीत तर मार संपला. चाल संपली. प्रोग्रामर, स्वागतिका, पहारेकरी, चावीवाला, काकू.

"किती वेळ असं?" बाबांनी विचारलं. फोनमधून आणि समोरून त्यांचा आवाज एकदमच आला. "गुडघे बोलायला लागलेत. बसू का जरा पुढे येऊन?"

तिने विचार केला. आपण फार विचार केला असं पुढे स्वतःला सांगता यावं म्हणून तिने एक श्वास घेतला, सोडला. पण उत्तर त्याआधीच तयार होतं, आणि ते इतकं चटकन तयार झालं याची तिला मरणाची लाज वाटली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "हलू नका."

मागे काहीतरी पडलं.

काकूंच्या पिशवीतले बटाटे पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले. एक एक करून. शेवटचा कुठेतरी तळाला जाऊन थांबला.

तिने मागे बघितलं नाही. पाच माणसं. ती मनात म्हणत राहिली, पाच माणसं, पाच माणसं, आणि तरी तिच्या जिवात जीव आला होता, कारण बाबा समोर होते, श्वास घेत होते, नाक ओढत होते. आता आत जायचं. दार लावायचं. त्यांना खुर्चीवर बसवायचं आणि त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगायचं. ती पाय उचलायला गेली.

पाय उचलला गेला नाही.

"झाली का तुझी चाल?" बाबांनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. आवाज त्यांचाच होता. चेहराही त्यांचाच होता, थोडा ओशाळलेला.

"झाली," ती म्हणाली.

"मग आता आमची."

"बाबा, गंमत नका करू."

ते तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, जिन्यावर गेली होती. ती नजर तिने शेकडो वेळा पाहिली होती. पटावर वाकलेले असले की बाबा समोरच्या सोंगटीकडे कधी बघत नसत, तिच्या मागच्या घराकडे बघत. काकू तिथे उभ्या असत्या तर घर भरलेलं असतं.

आपण ज्यांना ओलांडत आलो ते सगळे एका रंगाचे होते, तिला समजलं. आणि बाबाही.

"तुझ्या मागे कुणी नाही गं," बाबा म्हणाले.

"बाबा, नका."

"मार दिसतोय, पोरी."

"नका घेऊ. बाबा, तुम्ही सोडून द्या. माझ्यासाठी."

"असं कसं सोडून देता येईल?" त्यांचे डोळे भरले होते. "घ्यावाच लागतो. तूच लिहिलंयस ना."

चौकाची भिंत तिच्यापासून हातभर अंतरावर होती. पाठ टेकायला एक पाऊल पुरलं असतं. पण चाल तिची नव्हती.

त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली. उंबरा ओलांडला. गेल्या वर्षभरात ते काठीशिवाय इतकं सरळ चालले नव्हते. इतकं तिरकं चालले नव्हते. जवळ आल्यावर त्यांच्या अंगाला सकाळच्या साबणाचा वास होता. जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ताप बघायला ठेवत तसा, आणि पुढे गेले.

दार उघडं होतं. आत पंखा फिरत होता. मग तो फिरायचा थांबला, किंवा तिला दिसायचा थांबला.

तिला मान वळवता येईना. ऐकू मात्र येत होतं. मागे जिन्यावर सपाता उतरत होत्या. एक पायरी. एक पायरी.

बाबा, थांबू नका, ती म्हणत होती, पण ओठ हलत नव्हते. थांबू नका. ज्या बाईने मघाशी पाच माणसं घालवली, ती आता जीव तोडून मनात म्हणत होती की खालून कुणीतरी यावं. कुणीही. पेपरवाला, पत्ता चुकलेला कुणी, दुसऱ्या मजल्यावरची शाळेतून येणारी मुलगी. एकटं यावं. मागे जागा ठेवून यावं.

सपाता दुसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या असाव्यात. तिथे जिन्याचा लाकडी कठडा करकरला.

मग आवाज आला नाही.

ऐंशीचे आहेत, तिने स्वतःला सांगितलं. दम खायला टेकले असतील.